आवाज करणारं मशीन

दुकानदाराने जे मशीन अगदी शेवटी, मागच्या कोपऱ्यातलं कापड बाजूला करून, जरा संकोचत दाखवलं तेच आम्ही घेतलं. त्याआधी बराच वेळ तो आम्हाला शांत मशीनं दाखवत होता. "देखिए आंटीजी, बिल्कुल आवाज़ नहीं," म्हणत त्याने एकाचं हँडल छातीपर्यंत ओढलं, आणि खरोखरच सीट मागे सरकल्याची नुसती चाहूल लागली. माझा मुलगा त्यावर बसून खूष झाला. ह्यांनाही ते पसंत होतं. मी मात्र विचारलं, "भैया, आवाज़ करने वाला नहीं है क्या?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. असं गिऱ्हाईक त्याच्याकडे बहुधा पहिल्यांदाच आलं असावं.

मी असं का विचारलं ते सांगायचं तर आधी मुलाचं सांगायला हवं.

ह्यांची नोकरी रेल्वेत, सिग्नल विभागात. भुसावळहून बदली होऊन आम्ही जयपूरला आलो तेव्हा मुलगा बालवाडीत होता. त्यामुळे त्याचं मराठी म्हणजे आमच्या घरातलं तेवढंच, आणि तेही अर्धं हिंदीच्या हाताला धरून चालणारं. पुढे त्याला जगतपुऱ्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आणि आम्ही रेल्वेचं क्वार्टर सोडून त्याच भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी संध्याकाळी घरीच शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. हॉलमध्ये सतरंजी घालायची, भिंतीला फळा टेकवायचा, झाला वर्ग.

मुलगा लहानपणापासून पोहणारा. शाळेत असताना एका प्रशिक्षकांनी त्याला हाताशी धरलं आणि मग पहाटेचं पोहणं कधी चुकलं नाही. जयपूरच्या थंडीत आम्ही रजईतून हात बाहेर काढायला कुरकुरायचो, आणि हा ओल्या केसांनी, लाल नाकाने घरी येऊन पराठे मागायचा.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी तो पोहता पोहता मध्येच थांबला. प्रशिक्षक तलावाच्या काठावर होते. त्यांना वाटलं दम घेतोय. मग त्यांनी पाहिलं की डोकं वर येत नाही, आणि ते बुटांसकट पाण्यात उतरले. मला फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. तवा गॅसवर तसाच ठेवून मी निघाले. परत आले तेव्हा तो बंद गॅसवर थंड पडलेला होता. मी तो कधी बंद केला, केला की शेजारच्या बाईंनी, ते आजही मला सांगता येणार नाही.

दवाखान्यात म्हणाले, एकदाच झालंय, कदाचित पुन्हा होणार नाही. पण झालं. काही आठवड्यांनी तो फ्रिजमधून पाण्याची बाटली काढताना तिथेच कोसळला. त्याचे हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. शेजारच्या बाई धावत आल्या आणि त्याला हुंगवायला चप्पल घेऊन उभ्या राहिल्या. मी त्याचे दात उघडायला चमचा शोधत होते. दोघींनाही काही कळत नव्हतं.

त्यानंतर आम्ही ज्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो त्या अकोल्याच्या निघाल्या. आडनाव ऐकून त्यांनी सरळ मराठीत सुरुवात केली आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतके दिवस सगळं हिंदीत आणि इंग्रजीत ऐकत होते. त्यांनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाल्या, "ताई, ह्याला अपस्मार म्हणतात. गोळ्यांनी बहुतेकांचा आटोक्यात येतो. पुन्हा फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि घड्याळ बघा. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर मात्र लगेच दवाखाना."

मग त्यांनी मुलाला नियम सांगितले. गोळी चुकवायची नाही. जागरण नाही. तूर्तास स्कूटर नाही, पोहणं नाही. अंघोळीला जाताना आतून कडी लावायची नाही.

तो खाली मान घालून ऐकत होता. पोहणं म्हटल्यावर त्याने एकदा वर पाहिलं, बस.

पुढचे महिने आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. तो रिक्षाने कॉलेजला जायचा, यायचा आणि खोलीत पडून राहायचा. गोळ्यांनी सुरुवातीला झोप फार यायची. अंग सुटायला लागलं. मित्र फोन करायचे, मग तेही कमी झाले. आणि मी दर थोड्या वेळाने त्याच्या दारात. कधी चहा विचारायला, कधी धुतलेले कपडे ठेवायला, कधी उगाचच. शिकवणी चालू असतानाही मी मुलांना एखादं उदाहरण घालून देऊन उठायचे आणि आत डोकावून यायचे.

एकदा तो म्हणाला, "आई, तू मतलब काय बघायला येतेस? मी श्वास घेतो की नाही, हे?"

मी म्हणाले, "टॉवेल ठेवायला आले होते."

"तीन टॉवेल झाले सकाळपासून."

खुर्चीवर खरंच तीन टॉवेल होते. मी दोन उचलून घेऊन गेले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय. तो म्हणाला, "मॅडम, काय नाही करायचं ते मला पाठ झालंय. काय करू शकतो ते पण सांगा ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. व्यायाम तर करायलाच हवा." ट्रेडमिल नको, कारण पट्टा चालू असताना पडलं तर फार लागतं. घरातच, जमिनीलगत बसून करता येईल असं काहीतरी बघा, असं त्यांनी सुचवलं. "वल्हवायचं मशीन चालेल. रोइंग. त्याला मोटर नसते, हात सुटला की ते थांबतं. पायांचे पट्टे आवळून बांधायचे नाहीत, आजूबाजूला टोकदार काही ठेवायचं नाही, आणि घरात कोणीतरी असताना करायचं. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला. आणि घरी येताना रिक्षात तो फोनवर मशीनं बघत होता. कितीतरी दिवसांनी तो आपणहून काहीतरी शोधत होता. ह्यांनी मला कोपराने खुणावलं.

घरी आल्यावर ह्यांनी टेप काढला. मशीन लांबीला पलंगाहून मोठं असतं हे आम्हाला तेव्हा कळलं. मुलाच्या खोलीत ते बसवायचं तर पलंग खिडकीला चिकटवावा लागणार होता आणि लोखंडी कपाट बाहेर काढावं लागणार होतं. घडी घालून उभी करता येतील अशीही मशीनं होती. ह्यांनी रूळ किती लांब हवा तेही काढलं, मुलाला जमिनीवर पाय लांब करून बसवून. रूळ हा त्यांचाच शब्द. सीट ज्या दांड्यावर मागेपुढे सरकते त्याला ते पहिल्या दिवसापासून रूळच म्हणतात.

असे आम्ही दुकानात गेलो होतो.

मागच्या कोपऱ्यातल्या मशीनला पुढे एक मोठं चाक होतं, पिंजऱ्यात बसवलेल्या टेबलफॅनसारखं. हँडल ओढलं की साखळीने ते चाक फिरायचं आणि त्याची पाती हवा कापायची. दुकानदाराने आधीच सांगून टाकलं की हे जिममध्ये चालतं, घरात लोक नेत नाहीत, शेजारी भांडतात. मुलगा नाराजीनेच त्यावर बसला. एकदा ओढलं, दोनदा ओढलं, मग जोर लावून ओढलं. भोंऽऽ असा मोठा आवाज झाला आणि समोरच्या टेबलावरचे कागद उडाले. दुकानदार कागद गोळा करायला वाकला.

मुलगा थांबला नाही. आणखी काही वेळ ओढत राहिला. मग म्हणाला, "बाबा, हे वेगळं आहे. जितकं जोरात आपण ओढतो तितकं हे पण उलटं जोर लावते. पाण्यासारखं."

शांत मशीनमध्ये लोहचुंबक असतं आणि जोर किती लागावा ते खटक्याने आधीच ठरवायचं असतं. ह्यात तसं नव्हतं. पण मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला फक्त तो आवाज ऐकू येत होता आणि मी मनात हिशोब करत होते की तो हॉलपर्यंत येईल, स्वयंपाकघरापर्यंत येईल, गच्चीत कपडे वाळत घालतानासुद्धा जिन्यातून ऐकू येईल.

"विचार करून सांगतो," असं सांगून आम्ही बाहेर आलो आणि समोरच्या टपरीवर चहा घेतला. मुलाने मातीचा कुल्हड हातात फिरवत विचारलं, "आई, तुला ऐकू यायला पाहिजे, म्हणून ना?"

मी नाही म्हणणार होते. पण त्याने इतकं सरळ विचारलं होतं की मला हो म्हणावं लागलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मला पण हीच आवडली. पण मग मी दार बंद करणार. कडी नाही लावणार, पण दार बंद. आवाज येतोय तोपर्यंत तू आत यायचं नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा संपवला आणि म्हणाले, "नाही येणार."

"टॉवेल घेऊन पण नाही."

"नाही."

मशीन दोन खोक्यांतून आलं. लिफ्टमध्ये मोठं खोकं मावेना, तेव्हा ते जिन्याने वर चढवलं. "मशीन आली," मुलगा दारातून ओरडला, आणि मी नेहमीप्रमाणे "आलं" म्हटलं, आणि नेहमीप्रमाणे त्याने ते ऐकलं नाही. रविवारचा सगळा दिवस बापलेकांनी जोडणीत घालवला. ह्यांनी ऑफिसातून सपाटी तपासायची लेव्हल आणली होती. तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत ते मशीनच्या पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत राहिले. खाली दोन जाड रबरी चटया टाकल्या, खालच्या मजल्यावरच्यांना त्रास नको म्हणून, आणि बाजूंनी जुन्या गाद्या. टेबलाच्या कोपऱ्यांना मी गोधडीच्या पट्ट्या बांधल्या. खोली अगदी बाळ रांगायला लागलेल्या घरासारखी दिसायला लागली.

पहिल्या आठवड्यात त्याच्या तळहातांना फोड आले आणि कंबर धरली. पोहणाऱ्याला वाटलं होतं की सगळं काम हातांचं आहे. तो हातांनी ओढायचा आणि पाठ वाकवायचा. त्याने कोणाला विचारलं नाही. पण ह्यांनी गुपचूप प्रशिक्षकांना फोन केला आणि ते एका संध्याकाळी आले.

तलावातल्या त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच आमच्या घरी येत होते. चांगला धिप्पाड माणूस, पण आमच्या सोफ्याच्या टोकाला बसले होते पाहुण्या मुलासारखे. मुलगा बाहेर आला तेव्हा उठून उभेच राहिले. मग दोघं आत गेले, आणि अर्ध्या दारातून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. आधी पायांनी ढकल. पाय सरळ झाले की पाठ मागे. हात सगळ्यात शेवटी. परत येताना उलटं, आधी हात, मग पाठ, मग गुडघे. घाई करू नकोस. जाताना जोर, येताना आराम.

आवाज बदलला. इतके दिवस तो धापा टाकल्यासारखा यायचा. आता एक लांब भोंऽऽ, मग शांतता, मग पुन्हा.

प्रशिक्षक स्वयंपाकघराच्या दारात पाणी मागायला आले. मी भरून दिलेला ग्लास त्यांनी हातात धरला. म्हणाले, "भाभीजी, उस दिन मुझे लगा था वो खेल रहा है। मैंने कुछ देर देखा, फिर उतरा। वो कुछ देर…"

मी म्हणाले, "तुम्ही उतरलात म्हणून तो आत बसून मशीन ओढतोय." मी हे मराठीतच बोलले आणि ते माझ्या नंतर लक्षात आलं. पण त्यांना कळलं असावं. ते पाणी प्यायले आणि जेवूनच गेले.

मग तो आवाज आमच्या घरात रुळला. संध्याकाळी कॉलेजहून आल्यावर, माझी शिकवणी चालू असताना, मुलगा खोलीचं दार लावून घ्यायचा आणि आतून भोंऽऽ सुरू व्हायचं. मी फळ्यावर समीकरण लिहायचे आणि कान तिकडे. माझी शिकवणीची मुलंही सरावली होती. आवाजाच्या मधल्या शांततेत ती पाढे म्हणायची. सुरुवातीला आवाज थांबला की मी खडू खाली ठेवायचे. दार उघडायचं आणि आतून तो घाम पुसत म्हणायचा, "आई, पाणी पितोय." पुढे त्यानेच युक्ती काढली. थांबला की आतून म्हणायचा, "पाणी". मी बाहेरून "बरं" म्हणायचे.

हिवाळ्यात त्याला ताप आला. दोन दिवस पडून होता, मग बरं वाटलं म्हणून मी नको म्हणत असतानाही दुपारी मशीनवर बसला. हे ड्यूटीवर होते. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. आवाज चालू होता. आणि मग तो हळूहळू थांबण्याऐवजी मध्येच तुटला, आणि पाठोपाठ हँडल साखळीने खेचलं जाऊन पिंजऱ्यावर खाडकन आदळलं. "पाणी" आलं नाही.

मी आत गेले. तो सीटवरून कडेला घसरून गादीवर पडला होता, पाय पट्ट्यांतून सुटलेले. अंग ताठ, मग झटके. मी त्याला कुशीवर वळवलं. डोक्याखाली उशी सरकवली. त्याचा चष्मा काढून ठेवला. घड्याळ पाहिलं. चमचा शोधला नाही, कोणाला हाक मारली नाही. नुसती त्याच्या पाठीवर हात ठेवून घड्याळाकडे बघत बसले आणि म्हणत राहिले, "आहे मी, आहे मी." सेकंदकाटा दोनदा फिरायच्या आत झटके कमी झाले, मग थांबले, मग तो घोरायला लागला.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. गोंधळलेला होता. छताकडे बघून, मग चाकाकडे बघून म्हणाला, "आई, मशीन तुटली का?"

"नाही," मी म्हणाले. "मशीन ठीक आहे. तूही ठीक आहेस."

त्याला कुठेही खरचटलंसुद्धा नव्हतं. तो पुन्हा झोपला आणि मी तिथेच चटईवर बसून राहिले. मला वाटलं होतं आता मला रडू येईल. पण आतून काहीतरी सैल पडत होतं, जड पिशव्या खाली ठेवल्यावर हात हलके होतात तसं. वर्षभर मी ज्या क्षणाला घाबरून दारातून डोकावत होते तो येऊन गेला होता. मला काय करायचं ते आठवलं होतं, आणि मुलगा माझ्यासमोर शांत श्वास घेत होता. मी मेथी निवडायला परत गेले. गेले आणि खरंच निवडली.

डॉक्टर फोनवर म्हणाल्या, तापात असं होऊ शकतं, विशेष काळजी नको. त्यांनी गोळी थोडी वाढवली. म्हणाल्या, "तुम्ही अगदी व्यवस्थित केलंत."

चार-पाच दिवसांनी तो पुन्हा मशीनजवळ उभा राहिलेला दिसला. मी वाळलेले कपडे घेऊन खोलीत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणेन असं त्याला वाटत होतं, आणि मला स्वतःलाही तसंच वाटत होतं. मी कपडे खुर्चीवर ठेवण्याऐवजी काखेत धरले, बाहेर आले आणि दार माझ्या हाताने लावून घेतलं. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग भोंऽऽ.

त्यानंतर आजवर फिट आलेली नाही. पुढेही येणार नाही असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि मीही म्हणत नाही. त्याचं अंग पुन्हा पिळदार झालंय, खांदे रुंद झालेत. स्कूटरला अजून परवानगी नाही. पोहायचं तर कोणीतरी जाणतं माणूस सोबत पाण्यात हवं, एवढ्या अटीवर डॉक्टरांनी मान हलवली आहे. प्रशिक्षकांनी रविवार ठरवून टाकलाय. ह्यांना मशीनच्या साखळीला तेल घालायचं एक काम मिळालंय.

परवा संध्याकाळी मी मुलांना दोन समीकरणांची बेरीज करून त्यातल्या एका चलाचा लोप करायला शिकवत होते. चिन्हांत सगळे गडबड करत होते, मी दोनदा पुसून पुन्हा लिहिलं. तेवढ्यात पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, "आंटी, मशीन तो कब की बंद हो गई."

मी फळ्याकडेच तोंड करून होते. कान दिले. आत खरंच काही वाजत नव्हतं. किती वेळ, कोण जाणे.

"भैया तो बाहर गए," ती म्हणाली. "आपसे पूछा था, दोस्त के साथ जाऊँ? आपने ही तो बोला, जा।"

मला आठवेना. मी सगळ्या मुलांकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दाराजवळ त्याच्या सपाता होत्या आणि बूट नव्हते. फोन टेबलावर होता. तो उचलावा असं मनात आलं, पण फळ्यावर दुसरं समीकरण अर्धं राहिलं होतं आणि मुलं वाट बघत होती.

मी ते पूर्ण केलं. "चलो," मी म्हणाले, "अब दोनों को जोड़ो."